श्मशानभूमींचा जीर्णोद्धार कीं रक्षण ?

(१)

इतिहासाच्या साधनांची गणना करूं लागलें म्हणजे सनदा, पत्रें, बखरी, शकावल्या, नाणीं, ताम्रपट, शिलालेख इतकीं नांवें आपण सहज घेतों. मृतांचीं स्थानें मात्र या यादींत क्वचितच येतात. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून जुन्या दप्तरांकडे पाहण्याची महाराष्ट्राची दृष्टि पालटली. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास जाणारा कागदहि वाचून पाहावा असें लोकांस वाटूं लागलें. दगडाविषयीं अशी जागृति अर्धीच झाली, व थडग्याच्या दगडाविषयीं तर झालीच नाहीं असें म्हणावें लागतें. देवळाच्या भिंतींतील लेख वाचावयास दहा कोस चालत जाणारा संशोधक गांवाबाहेरच्या जुन्या कबरस्तानावरून मान न वळवितां पुढें जातो.

अलीकडे या उदासीनतेच्या जागीं एक नवा उत्साह दिसूं लागला आहे. गांवोगांवीं जुन्या समाधींचा, थडग्यांचा, छत्र्यांचा ‘जीर्णोद्धार’ व ‘सुशोभीकरण’ चाललें आहे. झाडोरा तोडला जातो, दगड घांसून लख्ख केले जातात, सिमेंटाचा गिलावा होतो, वर तैलरंग चढतो, आणि शेवटीं देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी लागते. हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पद्धतीविषयीं मात्र आहे, व ती इतकी गंभीर आहे कीं, उपेक्षेनें तीनशें वर्षांत जें गेलें नाहीं तें या उत्साहानें तीन दिवसांत जाऊं शकतें, असें आमचें मत झालें आहे. त्या मताची कारणें देणें एवढाच या लेखाचा विषय.

आम्ही राहतों तें कामतघर वऱ्हाळादेवीच्या तलावाकांठीं, भिवंडीस लागून आहे. भिवंडी हें खाडीवरचें जुनें बंदर. १६५७ सालीं कल्याणबरोबर तें शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलें हें वाचकांस विदितच आहे. कोंकणी मुसलमान, पुढें उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, आगरी, कोळी, ब्राह्मण, गुजराती, तेलुगु पद्मशाली असे नाना प्रकारचे लोक येथें जगले व येथेंच मातींत किंवा अग्नींत गेले. आज या तालुक्यांत यंत्रमागांच्या व गोदामांच्या छपरांखालीं मोकळी जमीन झपाट्यानें नाहींशी होत आहे. तेव्हां प्रस्तुत प्रश्न आमच्यापुरता तरी पुस्तकी नव्हे.

(२)

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, म्हणून प्रथम शास्त्राचें काय म्हणणें आहे तें पाहूं. कारण जीर्णोद्धार करणारे बहुधा शास्त्राचाच हवाला देतात.

‘श्मशान’ शब्दाची व्युत्पत्ति यास्कानें निरुक्तांत दिली आहे. श्म म्हणजे शरीर, व त्याचें शयन जेथें होतें तें श्मशान. व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो. तींतील कल्पना ध्यानांत घेण्याजोगी आहे. श्मशान हें भीतीचें किंवा अशौचाचें स्थान म्हणून नव्हे, तर देहाचें निजण्याचें स्थान म्हणून यास्क ओळखतो. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत तर श्मशानाची, म्हणजे अस्थींवर रचावयाच्या मातीच्या उंचवट्याची, सविस्तर चर्चा आहे. तो कोठें असावा, जमिनीचा उतार कसा असावा, गांवांतून तो दिसूं नये, फार मोठा करूं नये, वर्णपरत्वें त्याची उंची पुरुषाच्या कोणत्या अवयवापर्यंत असावी, हें सर्व तेथें सांगितलें आहे. त्यांतच देवानुयायी लोक चौकोनी श्मशान करतात व आसुर वृत्तीचे प्राच्य लोक वाटोळें करतात, असा भेद दाखविला आहे.

या भेदांतील निंदास्तुति बाजूला ठेवूं. इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. आकार हीच ओळख आहे. लेख नसतांहि उंचवटा चौकोनी कीं वाटोळा एवढ्यावरून तो कोणाचा हें ब्राह्मणकाराला सांगतां येत होतें. म्हणून जो मनुष्य जुन्या थडग्याचा आकार बदलतो तो केवळ बांधकाम बदलीत नाहीं, साक्ष बदलतो.

आतां ‘जीर्णोद्धार’ शब्द पाहूं. अग्निपुराणांत या विधीस स्वतंत्र अध्याय आहे. भंगलेली किंवा जीर्ण झालेली मूर्ति काढावी, लाकडाची असल्यास अग्नींत द्यावी, दगडाची असल्यास पाण्यांत सोडावी, धातूची वा रत्नाची असल्यास अथांग जलांत टाकावी, व तिच्या जागीं तशीच दुसरी स्थापावी, असा त्याचा सारांश. हा विधि आपल्या जागीं सर्वथा सुसंगत आहे. कारण त्यांत मूर्ति हें अधिष्ठान आहे व देवता ही अधिष्ठित आहे; मंत्रानें देवतेचें विसर्जन करतां येतें, तसेंच मंत्रानें नव्या मूर्तींत तिचें आवाहनहि करतां येतें. जुना दगड गेला तरी देवता जात नाहीं.

थडग्याची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. शके अमुक अमक्या तिथीस अमका येथें निजला, हें सांगणारा दगड हा कशाचेंहि अधिष्ठान नव्हे. तोच साक्षीदार आहे. तो फोडून त्याच्या जागीं अधिक सुबक दगड बसविला, तर नव्या दगडांत जुन्या साक्षीचें आवाहन कोणत्या मंत्रानें करावयाचें ? देवालयाचा विधि थडग्यास लावणें हा अधिकाराचा घोटाळा आहे. मीमांसकांच्या भाषेंत बोलावयाचें तर एका प्रकरणांतला विधि दुसऱ्या प्रकरणांत ओढून आणल्यासारखें तें होतें. आजच्या बहुतेक अनर्थांचें मूळ या एका घोटाळ्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

(३)

आतां आमच्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांतलें एक मोठें उदाहरण घेऊं. वसईचा किल्ला १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेनें तो घेतला. या दोनशें वर्षांत किल्ल्याच्या आंत फ्रान्सिस्कन, जेसुइट, डोमिनिकन, आगस्तीन अशा निरनिराळ्या पंथांचीं मंदिरें उभीं राहिलीं, व त्यांच्या फरशीखालीं त्या वस्तीचे मान्यवर पुरले गेले. फ्रान्सिस्कनांच्या भग्न मंदिरांत अशा लेखयुक्त शिळा आजहि पायाखालीं आहेत. ‘ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची’ असा मजकूर पोर्तुगीज थडग्यांवर नेहमीं आढळतो. त्यावरून कबर ही त्या लोकांत घरासारखी वंशपरंपरेची मालमत्ता होती असें दिसतें. वतनाचे कागद वाचणाऱ्या आमच्या वाचकांस यांतील गोडी वेगळी सांगावयास नको.

या शिळांची पहिली महत्त्वाची दखल गोव्याचे डॉ. जेरसन दा कुन्य यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या चौल व वसई यांच्या इतिहासावरील ग्रंथांत घेतली. ग्रंथकार वैद्यकीचा व्यवसाय करणारे. नाण्यांचे मोठे जाणकार. जंगल माजलेल्या त्या अवशेषांत हिंडून त्यांनीं लेख टिपून घेतले. पुढें ब्राझ फर्नांदिस यांनीं वसईचे लेख व कुलचिन्हें यांचा संग्रह केला, तो १९५७ सालीं लिस्बन येथें छापला गेला. या दोघांचे उपकार मोठे आहेत, आणि ज्या लेखांचीं अक्षरें पुढें झिजून जातील त्यांना या छापील पानांखेरीज दुसरा आधार उरणार नाहीं.

तथापि या उदाहरणाची दुसरी बाजूहि टीकाकारानें सांगितली पाहिजे. लेख छापला म्हणजे दगडाचें काम संपलें, ही समजूत आपणां संशोधकांत फार खोल रुजली आहे. दगडावरील अक्षरांची वळणें, कोरणाऱ्याच्या चुका, कुलचिन्हाची घडण, दोन शिळांमधील अंतर, एकाच शिळेवर मागाहून दुसऱ्या हातानें कोरलेलें नांव, यांतलें कितीसें छापील मजकुरांत उतरतें ? पत्राची नक्कल हातीं आली म्हणून अस्सल पत्र जाळावें असें कोणी म्हणत नाहीं. शिळेच्या बाबतींत मात्र आपण न बोलतां तसेंच वागतों.

आणखी एक तुलना येथें सुचते. १७३९ च्या विजयानंतर वसईकडच्या चर्चांतील घंटा मराठ्यांनीं आणल्या. भीमाशंकर, नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, मेणवली अशा ठिकाणीं त्या टांगल्या गेल्या व अद्यापि आहेत. घंटा राहिल्या, कारण त्यांना नवें काम मिळालें. थडग्याच्या शिळेला काम नव्हतें; तिच्यावर छप्पर राहिलें नाहीं, तिच्यावरून गुरें व माणसें गेलीं, पावसाचें पाणी तिच्यावर सांचलें. यावरून एक सामान्य सिद्धान्त निघतो : उपयोग वस्तूला राखतो, व निरुपयोगी वस्तु राखावयाची तर तिच्यासाठीं कोणीतरी जाणून कर्तव्य पत्करावें लागतें. श्मशानभूमि ही निरुपयोगी वस्तूंत अग्रगण्य होय.

उपयोग राखतो याचें एक विलक्षण प्रमाण मावळांत आहे. १७७९ च्या जानेवारींत कार्ल्याजवळ इंग्रजांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनीं त्याच्या शौर्यावरून त्याला ‘इष्टुर फांकडा’ म्हटलें. वडगांव येथें त्याचें म्हणून दाखविलें जाणारें थडगें लोकांच्या श्रद्धेचा विषय झालें. शत्रूचें थडगें, परक्या धर्माचें, आणि तें राखलें आमच्या खेडुतांनीं ! ज्यांस या विषयांत जातिधर्माचा प्रश्न आणावयाचा असेल त्यांनीं हें उदाहरण प्रथम पाहावें.

(४)

आतां ज्या ठिकाणीं उपेक्षा नाहीं, उलट आदर अपरंपार आहे, अशा ठिकाणची स्थिति पाहूं. रायगडावरील श्रीशिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था जेम्स डग्लस यानें १८८३ च्या आपल्या मुंबईविषयक पुस्तकांत उघड केली, १८९५ पासून लोकमान्यांच्या प्रेरणेनें स्मारकाची चळवळ उभी राहिली, व १९२६ च्या सुमारास समाधीचें काम झालें. हा सर्व इतिहास महाराष्ट्रास भूषणावह आहे. ज्या पिढीनें तो घडविला तिला वंदन करूनच आम्ही पुढील वाक्य लिहितों. आज यात्रेकरू जी वास्तु पाहतो तिच्यांतील अष्टकोनी चौथरा जुना असून वरील छत्रीसारखें काम त्या जीर्णोद्धारांतील आहे. पण ही गोष्ट जाग्यावर कितीजणांच्या ध्यानांत येते? नवें काम करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. जुनें कोठें संपलें व नवें कोठें सुरू झालें हें पाहणाराला तेथल्या तेथें कळलें पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे. पोथीच्या संशोधित आवृत्तींत संपादक आपला पाठ कंसांत घालतो. वास्तूच्या संपादकानें कंस कां घालूं नये ?

कंस घातला नाहीं म्हणजे काय होतें तेंहि त्याच गडावर दिसून आलें. समाधीजवळची कुत्र्याची मूर्ति १९३६ सालीं बसविली गेली. २०१२ सालीं ती हलविली गेली व पुनः बसविली गेली, आणि तिच्याभोंवतीं वाद चालू राहिला. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. विसाव्या शतकांत केलेली भर, तिच्याजवळ तारीख व आधार न लिहिल्यास, दोन पिढ्यांत पुरावा म्हणून उभी राहते, व मग खऱ्या पुराव्याला तिच्याशीं झगडावें लागतें.

दुसरें उदाहरण खुलदाबादचें. १७०७ सालीं मरण पावलेल्या औरंगजेबाची कबर तेथें उघड्या आभाळाखालीं, अगदीं साधी अशी केली गेली. तो साधेपणा हा त्या कबरेचा मुख्य मजकूर होता. पुढें इंग्रजी अमदानींत निजामाच्या खर्चानें तिच्याभोंवतीं संगमरवरी जाळी उभी राहिली. बादशहाविषयीं कोणाचें कांहींहि मत असो, इतिहासाचा अभ्यासक एवढें म्हणेल कीं, ज्या कबरेचा अर्थ साधेपणांत होता तिला संगमरवर चढविणें म्हणजे ग्रंथकाराच्या वाक्यांत टीकाकारानें आपलें वाक्य घुसडणें होय. साध्याचें शोभिवंत करणें हा सन्मान नेहमींच असतो असें नाहीं.

(५)

येथें असें विचारलें जाईल कीं, मराठी समाधींवर बहुधा लेखच नसतो, मग त्यांच्या बाबतींत साक्ष ती कसली ? प्रश्न योग्य आहे. कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुलीस छत्रपतींच्या घराण्यांतील अनेकांच्या समाधी आहेत. १७४९ सालीं वारलेले शाहूमहाराज, १७६१ सालीं वारलेल्या महाराणी ताराबाई, तसेंच महाराणी येसूबाई यांचें स्मरण त्या वाळवंटाशीं निगडित आहे. नदीच्या पुरानें तेथील चौथरे गाळांत जातात, पुनः उघडे पडतात. अमुक चौथरा अमक्याचा हें ठरवावयाचें तर दगड मुका असतो.

अशा ठिकाणीं बोलतें तें दप्तर. समाधीच्या दिवाबत्तीसाठीं, फुलांसाठीं, पुजाऱ्यासाठीं दिलेली जमीन, तिची चतुःसीमा, तिची चालू राहिलेली वहिवाट, हेंच त्या समाधीचें मृत्युलेखन होय. म्हणून आमच्या मंडळांसारख्या संस्थांचें काम येथें दुहेरी आहे. दगडाजवळ कागद नेला पाहिजे, व कागदाजवळ दगड. इनामाच्या कागदांत ‘समाधीच्या पूर्वेस ओढा’ असें लिहिलें असेल आणि सुशोभीकरणांत ओढा बुजविला गेला, तर त्या दिवशीं तो कागदहि आंधळा झाला. एकट्या समाधीचें रक्षण होत नाहीं. तिच्या परिसराचें व्हावें लागतें.

वीरगळांचीहि हीच कथा. ‘वीरगळ’ हा शब्दच कानडी. कल् म्हणजे दगड. खालच्या चौकटींत युद्ध, मधल्या चौकटींत अप्सरांनीं नेलेला वीर, वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, असा त्यांचा सामान्य क्रम. बोरीवलीजवळील एकसरचे वीरगळ नौकायुद्धाच्या चित्रणामुळें प्रसिद्ध आहेत. उत्तर कोंकणच्या शिलाहारकालीन आरमाराचें इतकें प्रत्यक्ष चित्र दुसरीकडे सांपडणें कठीण. एका वीरगळाला तैलरंगाचे चार हात बसले म्हणजे वल्ह्याची संख्या, शिडाचा आकार, शस्त्राची जात हें सर्व एका गुळगुळीत थराखालीं जातें. रंग देणाऱ्यानें भक्तीनें दिला, हें खरें. पण त्या भक्तीनें वीराचें जहाज बुडविलें.

(६)

उपेक्षेचें आणखी एक कारण आहे, व तें सर्वांत करुण आहे. समाजच निघून जातो. अलिबागजवळ नवगांव येथें बेने इस्रायल लोकांचें जुनें श्मशान आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणें किनाऱ्याजवळ जहाज फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, व समुद्रानें वर टाकलेलीं प्रेतें पुरुषांचीं एका व स्त्रियांचीं दुसऱ्या उंचवट्याखालीं पुरलीं गेलीं. हाइम सामुएल केहीमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून ठेवला. तो छापून निघावयास १९३७ साल उजाडलें, आणि तोहि तेल अवीव येथें. जहाज फुटण्याचा काल केहीमकर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाकडे नेतात. उंचवटे परंपरेची साक्ष देतात, कालाची नव्हे, हा विवेक वाचकानें ठेवावा.

कोंकणांतल्या या समाजाची आडनांवें पाहा : केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगांवकर, अष्टमकर. हीं आडनांवें म्हणजे गांवांची यादी आहे. गांवोगांव तेल गाळणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ आमच्याच भाषेंत बोलले, आमच्याच भाषेंत जात्यावर गाइले. त्यांच्या थडग्यांवर इब्री लिपीच्या शेजारीं मराठी अक्षरें आहेत. पेशवाई संपल्यानंतरच्या मराठी लेखनाचे, नांवें लिहिण्याच्या पद्धतीचे, कालगणनेचे, लष्करी हुद्द्यांचे किती नमुने त्या दगडांवर असतील याचा विचार भाषेच्या अभ्यासकानें करावा. १९४८ नंतर या समाजाचा फार मोठा भाग इस्रायलास गेला. मागें राहिलीं देवळें, म्हणजे त्यांचीं सिनेगॉग, व थडगीं. सिनेगॉगांत निदान दिवा लागतो. खेड्यांतल्या थडग्यांवर कोण जाणार ?

नवगांवास अलीकडील काळांत स्मारकस्तंभ उभा राहिला, तें उचितच झालें. पण स्तंभ एकच असतो व तो एकच गोष्ट सांगतो. साध्या थडग्यांच्या ओळी शेंकडों गोष्टी सांगतात. कोणत्या सालीं साथ आली, मुलें किती लहान गेलीं, कोणत्या गांवची लेक कोणत्या गांवीं दिली होती, पलटणींत कोण चढला, हें स्तंभावर येत नाहीं. स्मारक उभारलें म्हणजे श्मशान राखलें असें समजूं नये.

(७)

व्यवस्थेचा नमुना पाहावयाचा तर पुण्याजवळ खडकीस पाहावा. १९१७ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि आयोगाकडे तेथील श्मशानभूमीची निगा आहे. दुसऱ्या महायुद्धांतील १६६८ सैनिकांचीं थडगीं तेथें ओळीनें आहेत, व पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत मरण पावलेल्या अठराशेंहून अधिक जणांचें स्मारक आहे. प्रत्येक नांवाची नोंद पुस्तकांत आहे, प्रत्येक दगडाची जागा नकाशावर आहे, आणि खर्चाची तरतूद कायमची आहे. नोंद, नकाशा व निधि या तीन नकारांवर ती व्यवस्था उभी आहे.

येथेंहि टीकेस जागा आहे. खडकीचीं थडगीं बहुतांशीं पश्चिम व मध्य हिंदुस्थानांतील निरनिराळ्या श्मशानांतून, जेथें कायमच्या निगेची शाश्वती नव्हती अशा ठिकाणांहून, तेथें आणलेलीं आहेत. नांवें राखलीं गेलीं, स्थानें मात्र सुटलीं. आयोगाचा उद्देश प्रत्येक सैनिकाचें समान स्मरण हा असल्यामुळें त्याला हें चालण्यासारखें होतें. ज्याचा उद्देश स्थानिक इतिहास राखणें हा आहे त्याला चालणार नाहीं. वसईची शिळा उचलून वस्तुसंग्रहालयांत ठेविली तर ती टिकेल, पण ती कोणत्या वेदीसमोर होती, कोणाच्या शेजारीं होती, हें हरवेल. म्हणून नोंद, नकाशा, निधि हे तिन्ही खडकीहून घ्यावे. स्थलांतर मात्र सर्व उपाय हरल्यावरचा शेवटचा उपाय समजावा.

(८)

आतां आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप असा कीं, जिवंतांस जागा नाहीं तेथें मृतांची जागा काय म्हणून राखावी ? भिवंडीसारख्या दाट वस्तींत हा आक्षेप पोकळ नाहीं. आमचें उत्तर असें कीं, सर्वच जागा राखा असें आम्ही म्हणत नाहीं. चालू श्मशानांत व कबरस्तानांत त्या त्या समाजाचा रिवाज चालावा. कित्येक समाजांत जुन्या कबरेच्या जागीं कालांतरानें नवी होते, कित्येकांस दगडाचें चिन्हच नको असतें. त्यांच्यावर पुराणवस्तूंचा हट्ट लादणें अन्यायाचें होईल. परंतु जेथें लेख आहे, जेथें जुनें शिल्प आहे, जेथें समाज निघून गेला आहे, तेवढीं स्थानें निवडून काढतां येतात. तीं फार नाहींत.

दुसरा आक्षेप : हें सरकारचें काम. कायद्यानें पाहतां आक्षेपांत तथ्य आहे. १९०४ च्या कायद्यांत प्राचीन स्मारकाच्या व्याख्येंत मृतांचे उंचवटे व दफनस्थानें स्पष्ट शब्दांनीं आलीं आहेत. १९५८ चा मध्यवर्ती कायदा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा यांनीं तीच वाट पुढें चालविली. पण कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थानास लागतो. जें स्थान कोणी कळविलेंच नाहीं तें जाहीर कसें होणार ? आमच्याच तालुक्यांतील चौधरपाडा येथील केशिदेवाचा शके ११६१ चा लेख व लोनाडचा अपरादित्याचा शके ११०६ चा लेख विद्वानांच्या वाचनांत आले, म्हणून शिलाहारांच्या इतिहासांत या गांवांचीं नांवें लागलीं. शेतांतला दगड पाहून कोणीतरी प्रथम थांबला, मग बाकीचें झालें. तें थांबणें सरकारी हुकुमानें होत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना : परक्यांचीं थडगीं आम्ही कां राखावीं ? याचें उत्तर वडगांवच्या खेडुतांनीं आधींच दिलें आहे. शास्त्री म्हणून आम्ही एवढेंच जोडूं कीं, तर्पणांत ज्यांस कोणी उरला नाहीं अशांनाहि ओंजळभर पाणी देण्याची आपली रीत आहे. ज्यांचें कुळ बुडालें त्यांचें आपण घरीं स्मरण करतों. ज्यांचें कुळ समुद्रापलीकडे गेलें त्यांच्या दगडावरील पिंपळाचें रोप कापण्यास कोणतें शास्त्र आड येतें?

(९)

शेवटीं कर्तव्य काय तें थोडक्यांत सांगतों. यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाहीं. क्रम पाळावा लागतो.

पहिली गोष्ट नोंद. हात लावण्यापूर्वीं प्रत्येक दगडाचें छायाचित्र घ्यावें. झिजलेला लेख दुपारच्या उन्हांत दिसत नाहीं, सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या प्रकाशांत दिसतो. ओला कागद दगडावर कुंचल्यानें ठोकून शाई फिरवून छाप घेण्याची रीत शिलालेखवाचकांस माहीत आहे. ती जाणत्याच्या हातूनच व्हावी. दगडांच्या जागांचा साधा नकाशा काढून त्यावर अंक घालावे.

दुसरी गोष्ट झाडोरा. वड, पिंपळ, उंबर यांचीं मुळें सांध्यांत शिरलेलीं असतात. तीं ओढून काढलीं म्हणजे बांधकाम त्यांच्याबरोबर येतें. खोड कापून मूळ जागच्या जागीं मारावें. सावली देणारें मोठें झाड उगाच तोडूं नये.

तिसरी गोष्ट सफाई. तारेचा कुंचला, आम्ल, रेती यांनीं दगड घांसूं नये. शेवाळ्याबरोबर अक्षराची कड जाते, व कड गेली म्हणजे लेख गेला. स्वच्छ पाणी, मऊ कुंचला व धीर एवढें पुरे.

चौथी गोष्ट डागडुजी. चुन्याच्या कामास चुनाच लावावा. चुन्याच्या सांध्यांतून भिंतींतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवितें, मग ओल दगडाच्या तोंडावाटे निघते, बरोबर आणलेले क्षार पृष्ठभागीं गोठतात, व कोरलेल्या अक्षरांसह दगडाचा पापुद्रा सुटतो. भक्कम म्हणून केलेलें काम दहा पावसाळ्यांत शत्रु ठरतें. तैलरंगाचाहि दोष हाच.

पांचवी गोष्ट तारीख. जें नवें केलें त्यावर सालासह तसें लिहावें. सर जॉन मार्शल यांनीं १९२३ च्या आपल्या संरक्षणविषयक हस्तपुस्तकांत नवें करण्यापेक्षां आहे तें राखणें हें पहिलें कर्तव्य मानलें. आपल्या पोथीसंशोधनाचीहि तीच शिस्त आहे. लिपिकारानें सोडलेली जागा रिकामी दाखविणारा संपादक प्रामाणिक, व आपल्या कल्पनेनें भरणारा लबाड, असें आपण पोथीबाबत मानतों. दगडास दुसरा न्याय लावूं नये.

आमची मंडळाच्या चालकांस व सभासदांस अशी सूचना आहे कीं, दप्तरांचा शोध घ्यावयास आपण गांवोगांव जातोंच, तेव्हां त्याच फेरींत गांवाबाहेरचें जुनें श्मशान, कबरस्तान, समाधीची राई हींहि पाहावीं, व त्यांची टिपणें या त्रैमासिकांत क्रमशः यावींत. जिल्हावार यादी झाली म्हणजे कोणतें स्थान सरकारास कळवावें, कोणतें गांवकऱ्यांच्या हवालीं करावें, कोणाच्या दूरदेशीं गेलेल्या वारसांस पत्र लिहावें, हें ठरवितां येईल. कामतघर, लोनाड, चौधरपाडा व भिवंडीचा खाडीकांठ एवढ्या टापूचें टिपण करण्याचें काम आम्ही पत्करतों. ज्या ज्या समाजाचें स्थान असेल त्याच्या वडीलधाऱ्यांस विचारून व बरोबर घेऊनच तें होईल, हें सांगणें नको.

गोदामांचा पाया खणणारें यंत्र दगडावरचा लेख वाचण्यासाठीं थांबत नाहीं. तें येण्यापूर्वीं कोणीतरी वाचून ठेवला पाहिजे. इत्यलम्.